राजकारण आणि उच्चशिक्षणावर इंग्रजीत बोलायचं कसं? ठाणे-नवी मुंबईच्या मराठी मीडियमवाल्यांसाठी

एमबीएचा जीडी, म्हणजे ग्रुप डिस्कशन, असो, यूपीएससीचा इंटरव्ह्यू असो किंवा ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये जेवताना निघालेला विषय असो, आपली मराठी मीडियमची मुलं राजकारणाची चर्चा इंग्रजीत सुरू झाली की गप्प बसतात आणि मला ते बघवत नाही, कारण त्या टेबलावर सगळ्यात जास्त माहिती बहुतेक वेळा त्यांनाच असते. कुठला आमदार कुठल्या गटात गेला, कुलगुरूंची नेमणूक का रखडली, कुठल्या कॉलेजला अनुदान आहे आणि कुठल्या नाही, हे सगळं मराठीत धडाधड सांगतील. अडतं ते दहावीस क्रियापदांपाशी. म्हणून हे सविस्तर लिहितेय, वेळ काढून वाचा.

पहिली गोष्ट, शब्दांच्या याद्या पाठ करू नका. 'गव्हर्नन्स', 'ऑटॉनॉमी', 'स्टेकहोल्डर' असे सुटे शब्द पाठ केले की तोंडात येतात पण वाक्य होत नाही, कारण नाम आलं तरी त्याच्यासोबतचं क्रियापद येत नाही. मराठीत आपण निर्णय 'घेतो', जीआर 'काढतो', समिती 'नेमतो', अहवाल 'सादर करतो', असंच इंग्रजीतही प्रत्येक नामाचं ठरलेलं क्रियापद असतं आणि ती जोडीच शिकायची असते. आणि ती शिकायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे तुम्हाला आधीच पाठ असलेली मराठी बातमी.

उदाहरण घ्या 2025 चं. पहिलीपासून हिंदीचा विषय आठवतोय ना, एप्रिलमध्ये जीआर निघाला, जूनमध्ये सुधारित जीआर निघाला, विरोध वाढला आणि 29 जूनला दोन्ही जीआर रद्द करून सरकारने समिती नेमली. विषय शाळेचा आहे, पण क्रियापदं कुठल्याही धोरणाला चालतात. सरकारने जीआर काढला म्हणजे 'द गव्हर्नमेंट इश्यूड अ जीआर'. जीआर म्हणजे गव्हर्नमेंट रेझोल्यूशन, आणि महाराष्ट्राबाहेरचा माणूस समोर असेल तर पूर्ण नाव सांगा, त्याला जीआर कळेलच असं नाही. सुधारणा केली म्हणजे 'अमेंडेड इट'. विरोध झाला, 'इट मेट विथ स्ट्राँग अपोझिशन'. मागे घेतला, 'विथड्रू इट' किंवा 'रिव्होक्ड इट'. समिती नेमली, 'सेट अप अ कमिटी'. आता सगळं एका दमात बोलून बघा: 'द गव्हर्नमेंट इश्यूड द ऑर्डर इन एप्रिल, अमेंडेड इट इन जून, अँड विथड्रू इट आफ्टर स्ट्राँग अपोझिशन.' एवढं नीट बोललात तरी समोरचा ऐकायला लागतो. 'यू-टर्न' आणि 'क्लाइम्बडाउन' हे पेपरच्या हेडलाइनचे शब्द आहेत, त्यात टीका आधीच मिसळलेली असते, तेव्हा इंटरव्ह्यूमध्ये 'विथड्रू' वापरा, मित्रांमध्ये 'यू-टर्न' चालेल.

आता कायद्याची उतरंड, कारण इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. विधेयक म्हणजे 'बिल', कायदा म्हणजे 'अॅक्ट', अध्यादेश म्हणजे 'ऑर्डिनन्स', यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, जे काढतं ते 'रेग्युलेशन्स' किंवा नुसत्या 'गाइडलाइन्स', आणि 'पॉलिसी' म्हणजे धोरण, जे स्वतः कायदा नसतं. एनईपी 2020 ला, म्हणजे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला, केंद्रीय मंत्रिमंडळाने 29 जुलै 2020 ला मंजुरी दिली, संसदेने कायदा म्हणून पास केलेली ती गोष्ट नाही, त्यामुळे 'पार्लमेंट पास्ड द एनईपी' हे वाक्य चुकीचंच. बरोबर वाक्य 'द युनियन कॅबिनेट अप्रूव्ड द एनईपी इन 2020'. बिल 'इंट्रोड्यूस' होतं, सभागृहात 'पास' होतं, राज्यपाल किंवा राष्ट्रपती त्याला 'असेंट' देतात, मग तो अॅक्ट 'कम्स इन्टू फोर्स'. ऑर्डिनन्सला मात्र 'प्रॉमल्गेट' हे वेगळंच क्रियापद लागतं, उच्चार जड वाटला तर 'इश्यू' म्हणा, काही बिघडत नाही.

बिल आणि अॅक्टमधला फरक आपल्याच विद्यापीठ कायद्यावरून लक्षात ठेवा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 चा आहे, 1994 च्या जुन्या कायद्याच्या जागी आला. डिसेंबर 2021 मध्ये त्यात दुरुस्तीचं विधेयक दोन्ही सभागृहांत पास झालं, उच्चशिक्षण मंत्र्यांना प्र-कुलपती करायचं आणि कुलगुरू निवडीत राज्य सरकारचा हात वाढवायचा असा तो मामला होता, पण ते अमलात आलंच नाही आणि 2022 मध्ये सरकार बदलल्यावर मागे घेतलं गेलं. हे इंग्रजीत असं: 'द बिल वॉज पास्ड बाय बोथ हाउसेस, बट इट नेव्हर बिकेम लॉ.' हे एक वाक्य बोलणाऱ्याला प्रक्रिया कळते हे लगेच दिसतं. सभागृहांची नावंही नीट घ्या, विधानसभा 'लेजिस्लेटिव्ह असेंब्ली' आणि विधानपरिषद 'लेजिस्लेटिव्ह कौन्सिल', आणि आपण ठाणेकर ज्या कोकण पदवीधर मतदारसंघात मत देतो तो परिषदेतला, 'द कोकण ग्रॅज्युएट्स कॉन्स्टिट्यूअन्सी'. पदवीधरांचा स्वतःचा आमदार असतो हे मोजक्याच राज्यांत आहे, परराज्यातल्या मित्राला हे समजावून सांगायचा प्रयत्न करा, उत्तम सराव होतो.

पदांची नावं. कुलपती 'चान्सलर' म्हणजे आपल्याकडे राज्यपाल, कुलगुरू 'व्हाइस-चान्सलर', प्र-कुलगुरू 'प्रो-व्हाइस-चान्सलर', कुलसचिव 'रजिस्ट्रार', अधिष्ठाता 'डीन'. एक खबरदारी, हिंदी पेपर वाचत असाल तर तिथे बऱ्याचदा व्हाइस-चान्सलरलाच कुलपति म्हणतात, म्हणजे आपल्या कुलपतींपेक्षा वेगळा माणूस, भाषांतर करताना पद बदलून जाईल. मंडळांमध्ये अधिसभा 'सिनेट', विद्या परिषद 'अकॅडेमिक कौन्सिल', व्यवस्थापन परिषद 'मॅनेजमेंट कौन्सिल'. सिनेटवर नोंदणीकृत पदवीधरांचे दहा सदस्य निवडून येतात, 'रजिस्टर्ड ग्रॅज्युएट्स' म्हणतात त्यांना. मुंबई विद्यापीठाची ही निवडणूक सप्टेंबर 2024 मध्ये झाली आणि युवासेना ठाकरे गटाने दहाच्या दहा जागा जिंकल्या, 'स्वेप्ट ऑल टेन सीट्स' असं म्हणायचं. विद्यापीठात राजकारण असावं का हा प्रश्न जीडीत आला तर हे उदाहरण हाताशी ठेवा, कुठल्याही बाजूने बोलता येतं.

कुलगुरूंची 'अपॉइंटमेंट' होते, सर्च कमिटी नावं 'रेकमेंड' करते, मुदतीला 'टर्म' म्हणायचं, राजीनामा 'रिझाइन' आणि काढून टाकलं तर 'रिमूव्ह'. 2017 मध्ये मुंबई विद्यापीठाने पेपर तपासणी एकदम ऑनस्क्रीन केली, निकाल काही महिने रखडले, आणि शेवटी ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. हा प्रसंग 'अकाउंटेबिलिटी' शिकवायला सगळ्यात चांगला, कारण मराठीत आपण 'जबाबदार' हा एकच शब्द दोन्हीकडे वापरतो. काम ज्याच्यावर सोपवलंय तो 'रिस्पॉन्सिबल', आणि ज्याला शेवटी जाब द्यावा लागतो तो 'अकाउंटेबल'. 'सम वन हॅड टू बी हेल्ड अकाउंटेबल फॉर द डिले.' आणि घाईत राबवलं यासाठी 'रोल्ड आउट विदाउट अॅडिक्वेट प्रिपरेशन', हा तुकडा पाठ करून ठेवा, अर्ध्या सरकारी योजनांना लागू पडतो.

आता ज्या शब्दांवर उच्चशिक्षणाची सगळी चर्चा चालते ते, आणि इथे मी जरा थांबणार आहे. 'अफिलिएशन' म्हणजे संलग्नता, कॉलेज विद्यापीठाला जोडलेलं, अभ्यासक्रम आणि परीक्षा विद्यापीठाची. 'ऑटॉनॉमी' म्हणजे स्वायत्तता, पण आपली मुलं 'ऑटॉनॉमस' ऐकलं की स्वतंत्र विद्यापीठ समजतात आणि तसंच बोलतात. ठाण्याचं जोशी-बेडेकर किंवा बांदोडकर घ्या, दोन्ही ऑटॉनॉमस आहेत, अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतःच्या पण डिग्री मुंबई विद्यापीठाचीच. म्हणून वाक्य असं: 'द कॉलेज डिझाइन्स इट्स ओन सिलॅबस अँड कंडक्ट्स इट्स ओन एक्झाम्स, बट द युनिव्हर्सिटी अवॉर्ड्स द डिग्री.' डिग्री 'अवॉर्ड' करतात, 'गिव्ह' नाही. शिवाय ऑटॉनॉमी कसली हेही सांगा, 'अकॅडेमिक ऑटॉनॉमी' मिळाली म्हणून 'फायनान्शियल ऑटॉनॉमी' मिळतेच असं नाही, आणि ऑटॉनॉमीच्या नावाखाली सरकार पैशातून अंग काढून घेईल ही प्राध्यापकांची भीती तिथूनच येते. एनईपीत ही संलग्नता पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवायची म्हटलंय, 'फेज आउट' करायची. 'फेज आउट' आणि 'अॅबॉलिश' एक नाही, पहिलं हळूहळू, दुसरं एका फटक्यात. 'अक्रेडिटेशन' म्हणजे मूल्यांकन करून दर्जा देणं, ते नॅक ही यूजीसीची संस्था करते, 1994 पासून, आणि 'रँकिंग' म्हणजे क्रमवारी, ते एनआयआरएफ, केंद्र सरकारची. दोन्हींची सरमिसळ करू नका, नॅकची ग्रेड असते, एनआयआरएफमध्ये नंबर असतो. 'डीम्ड युनिव्हर्सिटी' म्हणजे अभिमत विद्यापीठ, नेरूळचं डी. वाय. पाटील जसं, यूजीसी कायद्याच्या कलम 3 खाली केंद्र सरकार दर्जा देतं, आणि विधिमंडळाच्या कायद्याने आलेलं खासगी विद्यापीठ ते 'स्टेट प्रायव्हेट युनिव्हर्सिटी', ते वेगळं.

पैशाचे शब्द. अनुदानित 'एडेड', विनाअनुदानित 'अनएडेड'. अनुदान म्हणजे 'ग्रँट', 'डोनेशन' नाही, आणि आपण ज्याला डोनेशन म्हणतो त्याला कायद्याच्या भाषेत 'कॅपिटेशन फी' म्हणतात, महाराष्ट्रात 1987 पासून त्यावर बंदीचा कायदा आहे. फी वाढली, 'फी हाइक'. फी माफ, 'फी वेव्हर'. 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली, ते 'अ फुल फी वेव्हर फॉर गर्ल्स फ्रॉम फॅमिलीज अर्निंग अप टू एट लाख'. आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षक, हा विषय माझ्या फार जवळचा आहे, सेट-नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा पास झालेली, पीएचडी झालेली माणसं वर्षानुवर्षं तासावर पैसे घेऊन शिकवतायत आणि सुट्टीत पगार शून्य. त्यांना 'क्लॉक-अवर बेसिस टीचर्स' म्हणतात, सीएचबी. रिक्त पदं 'व्हेकंट पोस्ट्स', भरली नाहीत 'रिमेन अनफिल्ड', कंत्राटी 'कॉन्ट्रॅक्च्युअल'. गुणवत्तेवर कोणी भाषण ठोकायला लागला की शांतपणे विचारा, 'हाउ कॅन क्वालिटी इम्प्रूव्ह व्हेन पोस्ट्स रिमेन अनफिल्ड?' बहुतेक वेळा चर्चा तिथून खऱ्या मुद्द्यावर येते.

आकडे बोलताना एक सापळा आहे तो बघा. 'ग्रॉस एन्रोलमेंट रेशो', जीईआर, म्हणजे 18 ते 23 वयोगटाच्या लोकसंख्येच्या तुलनेत उच्चशिक्षणात किती जण आहेत. 2021-22 च्या सरकारी सर्वेक्षणात हा 28.4 होता आणि एनईपीचं उद्दिष्ट 2035 पर्यंत 50. आता वाढ किती? 21.6 'पर्सेंटेज पॉइंट्स'. 21.6 'पर्सेंट' म्हणालात तर चूक, कारण 28.4 वर 21.6 टक्के वाढ म्हणजे जेमतेम साडेचौतीस. टक्क्यांत म्हणायचंच तर ही वाढ 76 टक्के होते. पर्सेंट आणि पर्सेंटेज पॉइंट एवढं सांभाळलंत तर पॅनेलवरच्या अर्थशास्त्राच्या माणसाच्या नजरेत तुम्ही वर जाता. तसंच जीडीपीच्या 6 टक्के शिक्षणावर खर्च ही मागणी कोठारी आयोगापासूनची, म्हणजे 1964-66, आणि एनईपीतही तोच आकडा आहे, 'द टार्गेट हॅज बीन रिपीटेड फॉर डिकेड्स बट नेव्हर मेट'.

नवी मुंबईवाल्यांनी एज्युसिटीचा विषय तर पक्काच करून ठेवावा, कुणी ना कुणी विचारणारच. विमानतळाजवळ सिडकोच्या जागेवर परदेशी विद्यापीठं आणायची योजना, आणि जून 2025 मध्ये पाच संस्थांना 'लेटर ऑफ इंटेंट' दिलं गेलं: यॉर्क, अॅबरडीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची डिझाइनची संस्था आयईडी. लेटर ऑफ इंटेंट म्हणजे इरादापत्र, कॅम्पस सुरू झाला असा त्याचा अर्थ नाही, म्हणून 'हॅव ओपन्ड कॅम्पसेस' म्हणू नका, 'रिसीव्ड लेटर्स ऑफ इंटेंट टू सेट अप कॅम्पसेस' म्हणा. नियम यूजीसीचे, 2023 चे, जागतिक क्रमवारीत पहिल्या 500 मधल्या संस्था येऊ शकतात, प्रवेशप्रक्रिया आणि फी त्या स्वतः ठरवू शकतात. म्हणजे वाद तयारच आहे. बाजूने बोलायचं तर 'इट विल कर्ब द आउटफ्लो ऑफ स्टुडंट्स', विरोधात 'इट मे रिमेन अॅक्सेसिबल ओन्ली टू अ प्रिव्हिलेज्ड फ्यू'. घणसोलीत राहणाऱ्या रिक्षावाल्याच्या मुलीला यातलं काय परवडणार हा प्रश्न मी तरी दर वेळी विचारते, आणि त्यासाठी 'अॅक्सेस' आणि 'अफोर्डेबिलिटी' हे दोन शब्द पुरतात. दार उघडं आहे का ते अॅक्सेस, आत जायला पैसे आहेत का ते अफोर्डेबिलिटी.

केंद्र-राज्य भांडणाचे शब्दही लागतात. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत आलं, 'कॉन्करन्ट लिस्ट'. जानेवारी 2025 मध्ये यूजीसीने कुलगुरू नेमणुकीच्या नियमांचा मसुदा आणला, 'ड्राफ्ट रेग्युलेशन्स', तेव्हा केरळ, तमिळनाडू वगैरे राज्यांनी तो राज्यांच्या अधिकारांवर घाला आहे म्हटलं. घाला याला 'एन्क्रोचमेंट ऑन स्टेट्स राइट्स', आणि तत्त्व म्हणून 'फेडरलिझम'.

आरक्षणावर बोलताना शब्द फार जपून, इथे समोर बसलेल्याचं घर-दार त्या शब्दांत असतं. 'रिझर्व्हेशन' हा भारतातला शब्द, परदेशी माणसाला 'कोटा' किंवा 'रिझर्व्ह्ड सीट्स' चटकन कळतो. 'ओपन कॅटेगरी'ला 'मेरिट कॅटेगरी' म्हणायची खोड असेल तर ती सोडा, त्यात बाकीच्यांना मेरिट नाही असं गृहीत धरलं जातं. कोर्टाची क्रियापदं इथे लागतात: कायदा टिकला तर 'अपहेल्ड', रद्द ठरवला तर 'स्ट्रक डाउन', तात्पुरती स्थगिती 'स्टेड'. सुप्रीम कोर्टाने मे 2021 मध्ये मराठा आरक्षणाचा 2018 चा कायदा स्ट्रक डाउन केला, नोव्हेंबर 2022 मध्ये ईडब्ल्यूएसचं, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचं, 10 टक्के आरक्षण 3 विरुद्ध 2 ने अपहोल्ड केलं, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये विधिमंडळाने मराठा समाजासाठी 10 टक्क्यांचा नवा कायदा पास केला. 50 टक्क्यांची मर्यादा, 1992 च्या इंद्रा साहनी निकालातली, ती 'द फिफ्टी पर्सेंट सीलिंग'.

कोण काय म्हणालं हे सांगताना 'सेड' पुरत नाही. आरोप 'अलेज्ड', दावा 'क्लेम्ड', कबुली 'अॅडमिटेड', मागणी 'डिमांडेड', आणि 'डिमांडेड फॉर' कधीच नाही, फॉर नामासोबत येतो, 'अ डिमांड फॉर'. 'डिस्कस अबाउट'पण नाही, नुसतं 'डिस्कस'. 'अॅडमिटेड' तेव्हाच वापरा जेव्हा त्याने खरंच कबूल केलंय, नाहीतर नकळत तुम्ही त्याला दोषी ठरवून मोकळे होता. हेडलाइनमधले 'स्लॅम्ड', 'ब्लास्टेड' जीडीत नकोत, 'क्रिटिसाइज्ड' पुरेसं. 'प्रायव्हटायझेशन', 'कमर्शियलायझेशन', 'सेंट्रलायझेशन', 'सॅफ्रनायझेशन' हे शब्दही नुसते फेकू नका, प्रत्येकामागे लगेच 'बिकॉज' यायला हवा.

बाहेरच्या माणसाशी बोलताना काही शब्द दगा देतात. 'आय पास्ड आउट इन 2022' आपल्यासाठी पदवीधर झालो, त्याच्यासाठी बेशुद्ध पडलो, म्हणून 'ग्रॅज्युएटेड'. 'ट्युशन' आपल्याकडे क्लास, अमेरिकेत फी. 'टेन्युअर' आपल्याकडे कार्यकाळ, अमेरिकेतल्या विद्यापीठात कायम नोकरी. 'टेबल्ड द बिल' आपल्याकडे आणि इंग्लंडमध्ये मांडलं, अमेरिकेत बाजूला ठेवलं, अगदी उलट.

सराव कसा करायचा. पीआयबी, म्हणजे केंद्र सरकारचं पत्र सूचना कार्यालय, एकच प्रेस नोट मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही काढतं, शिक्षणाची एखादी निवडा, आधी मराठी वाचा, मग इंग्रजी, आणि फक्त क्रियापदाखाली रेघ मारा. विद्यापीठ कायदाही दोन्ही भाषांत मिळतो, कलम शोधून शेजारी शेजारी ठेवा. ठाण्यात राहत असाल तर महापालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय संस्था आहे, ज्यांच्या नावाने ती आहे ते स्वतः यूजीसीचे अध्यक्ष होते, तिथली स्पर्धापरीक्षेची मुलं किंवा तुमच्या अभ्यासिकेतला कुणीही पार्टनर पकडा. ट्रान्स-हार्बरला ठाणे ते वाशी साधारण अर्धा तास, त्यात एक बातमी: निर्णय काय, कोणी घेतला, विरोध कोणाचा आणि का, शेवटी माझं मत. ऐरोलीपर्यंत तुम्ही बाजूने बोला, तिथून पुढे विरोधात. लोक बघतील, बघू देत. अडलात की मराठी शब्द टाकून पुढे जा, थांबू नका, उतरल्यावर तो शब्द शोधा.

मत मांडताना 'आय थिंक' दर वाक्याला नको. 'माय कन्सर्न इज दॅट', 'द इंटेंट इज गुड, बट द इम्प्लिमेंटेशन इज वीक', 'आय टेक युअर पॉइंट, बट द डेटा सेज अदरवाइज', हे आलटून पालटून. कुणी मध्येच तोडलं तर 'लेट मी फिनिश दिस पॉइंट' एवढंच, आवाज न चढवता, आणि वाक्य जिथे तुटलं तिथूनच पुन्हा सुरू करायचं. पॅनेलने तुम्हाला माहीत नसलेला नियम विचारला तर 'आय अॅम नॉट अवेअर ऑफ दॅट प्रोव्हिजन, सर' म्हणा आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघा.